त्या बुधवारच्या सभेबद्दल

प्रिय चिझुरु,

तुझं कार्ड गेल्या गुरुवारी पोचलं. ‘राजीनाम्याचा कागद मुख्याध्यापकांकडे दिला आहे, एकतीस मार्च हा शाळेतला शेवटचा दिवस, एप्रिलच्या मध्यापर्यंत खोली सोडायची आहे, तुम्ही तब्येत सांभाळा.’ एवढंच. मी ते सात-आठ वेळा वाचलं. पुढे काय करणार, कुठे राहणार, यातलं काही लिहिलेलं नाही. चोवीस वर्षांची नोकरी चार ओळींत संपली. फोन केला तर तू उचलत नाहीस आणि उचललास तर ‘ठीक आहे बाबा’ म्हणून ठेवतेस. म्हणून आज मंगळवारी सकाळी स्टोव्ह पेटवून लिहायला बसलो. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती कुठून सुरू करावी ते कळत नाही, तेव्हा थोडं इकडचं तिकडचं आधी येईल, रागावू नकोस. माझी शाळा आठवीतच सुटली, हे तुला माहीतच आहे. सरळ रेषेत लिहायला मला कुणी शिकवलं नाही.

इकडे बर्फ अजून खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत आहे. छपरावरचं मी काढलं नाही, तू ओरडतेस म्हणून. शेजारच्या हात्सुए वहिनींच्या जावयानं काढून दिलं. तरी रात्री छप्पर करकरतं असं मला वाटत राहतं आणि मी उठून बसतो. तुझ्या खोलीतल्या हीटरची नळी बदललीस का? गेल्या हिवाळ्यात ती पिवळी पडली होती. जेवतेस का? मुळ्याचं लोणचं पाठवू का, की खोली सोडायची म्हणून नको? मी हे सगळं हात्सुए वहिनींना बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, ‘भावजी, तुमच्या काळजीवर मीटर बसवला ना, तर अख्ख्या गावाला वीज पुरेल आणि वर दोन दिवे उरतील. मुलगी सत्तेचाळीस वर्षांची आहे, सतराची नाही.’ मी हसलो. पण त्यांना काय माहीत? काळजी करून माणूस नुसता बसून राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. काळजीनं उठून चालायला लागला की मग बिघडतं.

मी शाळेत शिपाई होतो तेव्हाची माझी खोली तुला आठवते का? जिन्याखालची, चटईची. तुझी आई विणकामाच्या कारखान्यातून साडेपाचला सुटायची, तोवर तू तिथे स्टोव्हजवळ गृहपाठ करायचीस. गुरुवारी शिक्षकांची सभा असे आणि मी चहा घेऊन आत-बाहेर करायचो. त्या वेळच्या सभा म्हणजे भांडणंच. एका हिवाळ्यात वाद निघाला की मुलांनी फरशी पुसायला गार पाणी वापरायचं की कोमट. तुला हसू येईल, पण दोन तास चालला. एक सर म्हणाले, गार पाण्यानं मुलं काटक होतात. तर पहिलीच्या बाई ताडकन म्हणाल्या, ‘सर, आधी तुम्ही एक फडकं पिळून दाखवा, मग काटकपणाचं बघू!’ सगळे हसले. मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, ‘काका, तुम्ही रोज बघता. तुम्ही सांगा.’ मी ट्रे हातात घेऊन उभा. माझ्या तोंडून निघालं की बॉयलर अर्धा तास आधी पेटवला तर सगळ्या बादल्यांना पुरेल, आणि अर्धा तास लवकर यायला माझी हरकत नाही. हात वर झाले. नऊ विरुद्ध सहा. दुसऱ्या दिवशीपासून मुलांना कोमट पाणी. मी तेव्हा चाळिशीचा होतो आणि माझ्या सांगण्यावरून जगात काहीतरी बदललं, असं पहिल्यांदाच झालं होतं. पुढे वीस वर्षं मी अर्धा तास लवकर गेलो, बर्फ असो की नसो, आणि एक दिवसही कुरकुर केली नाही.

आणि त्यांचं ते एकमेकांचे तास बघणं. महिन्यातून एकदा एक जण शिकवायचा आणि बाकीचे मागे बसायचे. खुर्च्या मीच लावायचो. पाहुणे नाहीत, फायली नाहीत. एकदा मी सहावीच्या वर्गात खिडकीची कडी दुरुस्त करत होतो आणि वाकुइ सर विचारत होते की एखाद्या आकड्याला अर्ध्यानं भागलं तर उत्तर मोठं कसं येतं. भागल्यावर तर कमी व्हायला पाहिजे. एकाही मुलाला सांगता येईना. मलाही. मग सरांनी तीन मीटर फीत काढली आणि म्हणाले, अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे किती निघतील? पेचकस हातात धरून मी मनात कापत गेलो. सहा! अशी फीत कुणी माझ्यासमोर आधी कापली असती तर मी शाळा सोडलीच नसती, असं मला वाटलं. तास संपल्यावर सगळे तिथेच बसले आणि एक तास फक्त दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाबद्दल बोलले, की तो नेमका कुठे अडला आणि त्याच्या चेहऱ्यावर कधी उजेड पडला. वाकुइ सर स्वतःच म्हणत होते, ‘माझं चुकलं, फीत मी फार लवकर काढली.’ मोठ्या माणसाला असं सगळ्यांसमोर म्हणताना मी कारखान्यात, शेतात, कुठेच ऐकलं नव्हतं. घरी येऊन मी तुला फितीचं सांगितलं तर तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, ‘बाबा, हे सहावीचं आहे. मी तिसरीत आहे.’

पण मी त्या शाळेत दुसरंही पाहिलं, तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुला कळणार नाही. वरून पत्र आलं की सभेत आता मतं मोजायची नाहीत, मुख्याध्यापक सांगतील आणि बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. तेव्हा मोरिया सर उठून बोलले. त्या दिवशीच नाही, प्रत्येक गुरुवारी बोलले. त्यांची चार वर्षांत तीन वेळा बदली झाली, दर वेळी आधीपेक्षा लांब. शेवटची बेटावरच्या शाळेत. त्यांची बायको आजारी होती. त्यांच्या टेबलाचे खण मी रिकामे केले, पुस्तकं मी बांधली, टेम्पोत मी चढवली. ते मला म्हणाले, ‘काका, गाठ घट्ट मारू नका, पुन्हा सोडायचीच आहे.’ हसत म्हणाले. शिक्षकाचं काय होतं, हे मी ट्रेच्या मागे उभा राहून पाहिलेलं आहे. जे बघतात आणि बोलत नाहीत त्यांच्या पोटात भीती साठत जाते. माझ्या पोटात ती तीस वर्षं साठली, आणि नेमकी तूच शिक्षिका झालीस.

ऑगस्टमध्ये तू पितरांसाठी आली होतीस तेव्हा एक छापील कागद बरोबर आणला होतास, शिक्षकांना पाठवलेल्या प्रश्नांचा. आईच्या फोटोसमोर फळं ठेवून झाल्यावर तू पालथी पडून तो भरत होतीस, लहानपणी गृहपाठ करायचीस तशी. तुमच्या कामात तुम्हाला समाधान आहे का? तू लगेच ‘फार’वर खूण केलीस. मी चष्मा लावून मागून वाचत होतो. शाळेत होणाऱ्या बदलांवर तुमच्या मताचा परिणाम होतो असं तुम्हाला वाटतं का? तिथे तू पेन्सिल धरून बराच वेळ थांबलीस. मग म्हणालीस, ‘बाबा, हे दोन प्रश्न यांनी एकाखाली एक का ठेवले असतील? एकाचं उत्तर दिलं की दुसरं खोटं वाटायला लागतं.’ मला नीट कळलं नाही. मी म्हटलं, सरळ ‘होतो’ लिही, उगाच कशाला वाकडं. तू माझ्याकडे बघून हसलीस आणि ती जागा कोरी ठेवलीस. त्या कोऱ्या जागेची मला किती काळजी वाटली म्हणून सांगू. कोणी बघेल, विचारेल, नाव शोधून काढेल.

मग ऑक्टोबरात तुमच्या शाळेतला तो नमुना पाठ झाला. तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला आधी विश्वासच बसेना. तुमची शाळा दोन वर्षांपासून नमुना शाळा, बाहेरगावचे पाहुणे फायली घेऊन येणार, मुलांची आठ दिवस तालीम, कोणी कधी हात वर करायचा तेसुद्धा ठरलेलं. आमच्याकडे मागे खुर्च्या टाकून जे चालायचं त्याचीच ही वरात झाली. आणि तुझ्या तिसरीतली ती माहो, जिला उत्तर यायला वेळ लागतो, तिची जागा पाठाच्या वेळी रिकामी. तुला वाटलं, मधल्या सुट्टीत घरी गेली असेल. पाहुणे गेल्यावर तू तिला नर्सच्या खोलीत शोधून काढलंस. पलंगाच्या कडेला बूट घालून बसली होती. तू विचारलंस, ‘कुठे दुखतंय का ग?’ ती म्हणाली, ‘नाही. पाहुणे आहेत म्हणून.’ 

नोव्हेंबरच्या सभेत मुख्याध्यापकांनी सांगितलं की आणखी तीन वर्षं नमुना शाळा राहायचं त्यांनी कळवून टाकलं आहे. तू हात वर केलास. तुमच्या सभेत कित्येक वर्षांत कुणी केला नव्हता. तू म्हणालीस, हे घेऊ नये, पाठ आपण मुलांसाठी बघायचो आणि आता मुलांना लपवून पाठ दाखवतो. मुख्याध्यापक म्हणाले, ‘ओनोदेरा बाई, तुमच्या भावना पोचल्या. पुढचा विषय.’ पण विषय पुढे गेला नाही. बाहेर बुटांच्या कपाटापाशी एकेक जण तुझ्याजवळ येऊन थांबायला लागला. शनिवारी सकाळी तू फोन केलास. इतका मोकळा आवाज मी आई गेल्यानंतर ऐकला नव्हता. ‘बाबा, अकरा जण! चौदातले अकरा! पुढच्या बुधवारी सभेत एकामागून एक उभं राहून सगळे तेच सांगणार आहेत. नोझुएनं तर लिहूनसुद्धा काढलंय. एवढ्या जणांना ‘भावना पोचल्या’ असं म्हणून गप्प बसवता यायचं नाही.’ मी म्हटलं, छान. तू म्हणालीस, ‘बाबा, तुमचा आवाज असा का?’ मी म्हटलं, सर्दी आहे.

आणि बुधवारी संध्याकाळी पुन्हा फोन. ‘कुणी नाही, बाबा.’ मी विचारलं, कुणी नाही म्हणजे? ‘कुणी उभं राहिलं नाही. मी राहिले. बाकीचे वहीत बघत होते. नोझुएसुद्धा. मुख्याध्यापक इतके गोड बोलले माझ्याशी! बाई, बसा, पाणी घ्या, म्हणाले.’ तू रडत नव्हतीस. रडली असतीस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, ‘बाबा, चोवीस वर्षं मला वाटत होतं की मी बोलले तर निदान बाजूचा माणूस ऐकतो.’ त्यानंतर तुझं बोलणं कमी कमी होत गेलं. डिसेंबरात तू आजारपणाची रजा टाकलीस. नवीन वर्षाला आली नाहीस. भाताचे गोळे मी एकट्यानं भाजले आणि आईसमोर ठेवले. मग हे कार्ड.

चिझुरु, मी तुला शनिवार सांगितला, बुधवार सांगितला. मधला सोमवार गाळला. आता तो सांगतो.

शनिवारी तुझा फोन ठेवल्यापासून मला मोरिया सरांचं टेबल दिसत होतं. रविवारी मी जेवलो नाही. सोमवारी पहाटेच्या बसनं निघालो, गाडी बदलली आणि दहाच्या सुमाराला तुझ्या शहरात उतरलो. अंगात आईच्या दिवसांना घातला होता तो काळा सूट. स्टेशनातल्या दुकानातून गोड वड्यांचा चांगला मोठा खोका घेतला, रेशमी कागदात बांधून. आपल्या माणसाकडून कुणाला त्रास झाला तर घरच्या वडीलमाणसानं जाऊन वाकावं, हेच मी जन्मभर शिकलो. माझ्या बापानंही माझ्यासाठी लाकूडमालकापुढे असंच वाकून घेतलं होतं आणि माझी रोजी राहिली होती. तू वर्गात होतीस. मी मागच्या फाटकानं गेलो, शिपायाला नाव सांगितलं. तो माझ्यासारखाच, त्यानं काही विचारलं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत मी खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि कपाळ टेबलाला टेकेपर्यंत वाकलो. म्हणालो, ‘पोरगी हट्टी आहे. तुम्हाला फार त्रास दिला. मी तिच्या वतीनं माफी मागतो. तिला पदरात घ्या, लांब पाठवू नका. मी ऐंशीचा आहे, मला दुसरं कुणी नाही.’

ते उठून उभे राहिले. मला खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्याशी इतक्या आदरानं कोणी साहेब कधी बोलला नव्हता, चिझुरु. त्यांनी विचारलं, ‘बाईंना घरी काही त्रास आहे का? अलीकडे थकलेल्या दिसतात.’ आणि मी सांगितलं. आई गेल्यापासून तुला झोप नाही, औषध घेऊन निजतेस, ते सांगितलं. ऑगस्टमध्ये मी तुझ्या पिशवीत ती पाकिटं पाहिली होती आणि तू म्हणाली होतीस, ‘बाबा, हे कुणाला सांगू नका हं.’ मला वाटलं, हे ऐकून त्यांना दया येईल, तुझ्यावरचा राग जाईल. त्यांना दया आलीच. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, ‘निश्चिंत जा. बाईंची काळजी आम्ही घेऊ. आणि तुम्ही आलात हे मी त्यांना सांगणार नाही, त्यांना वाईट वाटेल.’ मी परत येताना गाडीत पहिल्यांदाच नीट झोपलो. आणि बुधवारी तू म्हणालीस ना, कुणी उभं राहिलं नाही, तेव्हा मला, हे लिहिताना हात थांबतो आहे पण लिहितो, तेव्हा मला हायसं वाटलं. कुणीच उठलं नाही म्हणजे भांडण नाही, भांडण नाही म्हणजे बदली नाही. मला वाटलं, तू नशीबवान. माझ्या जाण्याचा आणि त्यांच्या बसून राहण्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तू खचत चाललीस, तरी मी मनात म्हणत होतो, खचली तरी जवळ आहे.

गेल्या रविवारी नोझुए बाई इथे आल्या. तू त्यांच्याशी बोलत नाहीस, दार उघडत नाहीस, म्हणून माझा पत्ता शोधून तीन तासांचा प्रवास करून आल्या. बर्फात पाय भिजलेले. मी त्यांना स्टोव्हजवळ बसवलं. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. मी म्हटलं, बाई, तेव्हा वहीत बघत बसलात, आता कशाला आलात? त्या म्हणाल्या, ‘काका, तुम्हीच असं म्हणता? तुमच्यासाठीच तर आम्ही गप्प बसलो.’ मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मग त्यांनी सांगितलं. मंगळवारी शाळा सुटल्यावर, तू मुलांना गरम पाण्याच्या बंदिस्त तलावावर पोहायला घेऊन गेली असताना मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर वड्यांचा खोका उघडा होता, सगळ्यांना एकेक वाटली. म्हणाले की ओनोदेरा बाईंचे वडील, ऐंशी वर्षांचे गृहस्थ, इतक्या लांबून माफी मागायला आले होते. बाईंची तब्येत बरी नाही, औषधांवर आहेत. या अवस्थेत त्यांच्या बोलण्याला आपण हवा दिली तर त्यांचं काय होईल? आणि हे त्यांना कळू देऊ नका, म्हाताऱ्याची लाज राखा. नोझुए बाई म्हणाल्या, ‘खोटं एकही नव्हतं, काका. म्हणून तर उत्तर देता आलं नाही. मी घरी जाऊन लिहिलेला कागद फाडला. बुधवारी ती एकटी उभी राहिली तेव्हा मी वहीत बघत बसले. वाटलं, आपण उठलो तर ती आणखी मोडेल. बसलो तर वाचेल. आता तरी बरी आहे ना ती?’

 आधी वाटलं, मुख्याध्यापकांना शिव्या द्याव्यात. पण ते काय चुकले? मी जे नेऊन दिलं तेच त्यांनी वाटलं. मला माझ्या खोलीत बसून इतकी वर्षं वाटायचं की शिक्षकांचं तोंड बंद होतं ते वरच्यांच्या धाकानं. धाकानं होत असेलही. पण तुमच्या शाळेत अकरा माणसांचं तोंड मायेनं बंद झालं, आणि ती माया बांधून मी घेऊन गेलो होतो. नोझुए बाईंना मी सगळं कबूल केलं. पाकिटांचं मी सांगितलं, हेसुद्धा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘तिला वाटतं आम्ही घाबरलो.’ मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, ‘मला घाबरट म्हणवून घ्यायला चालेल, काका, पण तिला असं वाटून तिनं जाऊ नये.’ जाताना त्यांनी सांगितलं की तुझा कागद या महिन्याच्या बावीस तारखेपर्यंत मुख्याध्यापकांच्या खणात आहे, त्यानंतर वर जाईल. दारात बूट घालताना त्या रडल्या. मी त्यांना आईची जुनी लोकरी मोज्यांची जोडी दिली, पाय ओले होते म्हणून.

हे पत्र तू राजीनामा मागे घ्यावास म्हणून लिहिलेलं नाही. मागे घे असं म्हणायला मला तोंड नाही, आणि घेऊ नकोस असं म्हणण्याइतका मी खोटा नाही. तू आता मला काय समजशील याची मला फार भीती वाटते. कदाचित एप्रिलमध्ये इकडे येणारच नाहीस, कदाचित हे पत्र अर्ध्यावर फाडलं असशील. पण एक गोष्ट माझ्याजवळ ठेवून मी मेलो तर ती चोरी होईल, म्हणून लिहिलं. तू बोललीस आणि कुणी ऐकलं नाही, असं समजून तू चोवीस वर्षांवर पाणी सोडते आहेस. ते खरं नाही. तू बोललीस आणि चौदातल्या अकरा जणांनी ऐकलं. त्या सभेत काहीतरी बदलणार होतं आणि ते तुझ्यामुळे बदलणार होतं. ते थांबवलं मी, तुझ्या बापानं, तुला न विचारता. जायचंच असेल तर हे माहीत असताना जा, तुझ्या शब्दाला वजन नव्हतं असं समजून जाऊ नकोस. नोझुए बाईंनी बाकीच्या दहा जणांना खरं सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्या तुझ्या निरोपाची वाट बघत आहेत. मी या वेळी घरातच बसणार आहे. काळजी करीन, ती काही सुटायची नाही, पण तुझ्या वतीनं आता कुणाशी एक शब्दही बोलणार नाही.

तुझाच, क्षमा मागायला यापुढे फक्त तुझ्याच दारात येणारा,
बाबा